दोन चमचे डिझेल

एक किलो संत्री नागपूरच्या कळमना बाजारातून मुंबईला पोचवायला किती डिझेल लागत असेल? पुढे वाचण्याआधी मनाशी एक आकडा धरा. अंतर सातशे किलोमीटर.

आता हिशोब करू. दहा चाकी ट्रकमध्ये साधारण अठरा टन माल जातो. लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर मुंबईपर्यंत पावणेदोनशे लिटर डिझेल जळतं. ते अठरा हजार किलोंवर वाटून टाका. एका किलोच्या वाट्याला दहा मिलिलिटरसुद्धा येत नाही. चहाचे दोन चमचे! दोन चमचे डिझेलवर एक किलो संत्री विदर्भ ओलांडतात, मराठवाड्याला स्पर्श करतात, सह्याद्री उतरतात आणि दादरच्या फळवाल्याकडे पोचतात.

पुढचा हिशोब याहून थक्क करणारा आहे. लिटरला पन्नास देणारी स्कूटर दहा मिलिलिटर पेट्रोलवर पाचशे मीटर जाते. म्हणजे दादरमधल्या कुणी पाव किलोमीटरवरच्या दुकानात स्कूटरनं जाऊन ती संत्री घरी आणली, तर जाऊन-येऊन लागलेलं पेट्रोल जवळपास तेवढंच! नागपूर ते दादर एकीकडे आणि दुकान ते घर दुसरीकडे, आणि इंधन सारखंच.

मग ट्रकच्या डिझेलची एवढी काळजी कशाला? कारण ट्रक एक किलो नेत नाही, सगळा देश नेतो. भारतातला सुमारे सत्तर टक्के माल रस्त्यानं जातो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार रस्त्यावरच्या एकूण वाहनांत ट्रक फक्त तीन टक्के आहेत, पण वाहतुकीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे एक तृतीयांश वाटा त्यांचा आहे. आणि नागपूर या सगळ्याच्या ऐन चौकात बसलं आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतजवळच्या हजिऱ्याहून ओडिशातल्या पारादीपला जाणारा महामार्ग ५३ इथे एकमेकांना छेदतात. अमरावती रोडवरच्या वाडीला किंवा भंडारा रोडवरच्या कापसीला पाच मिनिटं थांबून नंबरप्लेटा वाचा. पंजाब, तमिळनाडू, ओडिशा, गुजरात, सगळे भेटतील.

आता एक प्रश्न, जो मला वर्षानुवर्षं गोड छळतो आहे. सपाट रस्त्यावरून माल न्यायला निसर्ग किती ऊर्जा मागतो?

उत्तर आहे: शून्य. न्यूटननं सांगून ठेवलं आहे की एकदा वेग मिळालेली वस्तू, कुणी अडवलं नाही तर, त्याच वेगानं जात राहते. सुरुवातीला वेग द्यायला ऊर्जा लागते खरी, पण थांबताना ती परत मिळवता यायला हवी. आणि नागपूर तर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून थोडं उंच आहे. माल धरून ४० टनांचा अठरा चाकी ट्रेलर इथून मुंबईच्या बंदरावर उतरला, तर त्या उंचीतली साडेतीन लिटर डिझेलइतकी ऊर्जा मोकळी होते. म्हणजे निसर्गाच्या खातेवहीप्रमाणे नागपूर–मुंबई फेरीला ड्रायव्हरनं डिझेल भरायचं नाही, उलट साडेतीन लिटर घेऊन यायचं!

प्रत्यक्षात हाच ट्रेलर ताशी ऐंशीनं समृद्धी महामार्गावरून गेला तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास पितो. यातला एकही थेंब मालाला लागलेला नाही. मग हे सव्वादोनशे लिटर कोण घेतं?

पहिला वाटेकरी इंजिनच्या पोटात बसला आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवलं, ते इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्के कामाला लावत होतं. वाफेच्या इंजिनांचा तो काळ. त्यांना त्याच्या निम्मंही मुश्किलीनं जमत होतं. डिझेलची कल्पना अशी की ठिणगी नकोच. हवेला सतरा-अठरा पट दाबलं की ती आपोआप पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारला की ते स्वतःच पेटतं. आजच्या इंजिनात हा फवारा केसासारख्या बारीक भोकांतून, वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबानं सुटतो. साठच्या वेगानं चाललेल्या ट्रकमध्ये हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला दहा-अकरा वेळा घडतं आणि दर वेळी आत जातात जेमतेम एक-दोन थेंब. बुटीबोरीच्या फाट्यावर जो घरघराट ऐकू येतो, तो या थेंबांच्या स्फोटांचा.

एक लिटर डिझेल जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. त्या लिटरचं वजन किलोपेक्षा कमी, सुमारे ८३० ग्रॅम. पण धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भरतो दोन किलो सहाशे ग्रॅम! जास्तीचं वजन आलं कुठून? हवेतल्या ऑक्सिजनमधून. आणि डिझेलमधल्या हायड्रोजनचं काय होतं? त्याचं पाणी होतं. एका लिटर डिझेलमागे जवळजवळ एक लिटर पाणी, वाफेच्या रूपानं. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गावागावांत टँकरची वाट बघणं सुरू असतं, आणि त्याच वेळी महामार्गावरचा प्रत्येक ट्रक लिटरमागे लिटर पाणी हवेत सोडत चाललेला असतो.

आजचं चांगलं इंजिन डिझेलमधली चाळीस-पंचेचाळीस टक्के ऊर्जा चाकांकडे पाठवतं. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. ती सगळी वाचवणं कधीच शक्य नाही; उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला काही वाटा थंड बाजूला सोडावाच लागतो. पण आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले तेव्हा एक सुंदर गोष्ट घडली. जितकं इंजिन गरम आणि कार्यक्षम, तितके हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन विषारी वायू जास्त बनतात. त्यामुळे पूर्वी प्रदूषण कमी करायचं तर ॲव्हरेज मारावं लागे. आता धुराच्या वाटेवर युरियाचं पाणी फवारतात. युरियापासून अमोनिया होतो, तो त्या विषारी वायूंना गाठतो आणि बाहेर पडतात साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. घाण मागच्या नळीत धुतली जाणार असेल, तर इंजिनला पुढे मनासारखं गरम जळू देता येतं. विदर्भातला शेतकरी कपाशीला जो युरिया घालतो, त्याच जातीचा रेणू, फक्त कितीतरी जास्त शुद्ध केलेला, आज ट्रकच्या बाजूच्या निळ्या झाकणाच्या टाकीत असतो.

तर इंजिननं आपला वाटा घेतला. चाकांपर्यंत पोचलेली ऊर्जा कुठे जाते? इथे खरी मौज आहे.

लांबून आलेला ट्रक वाडीत थांबला की टायरजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. झळ लागते. ऊन नसलं, रात्रीचे दोन वाजले असले, तरी लागते. ही झळ म्हणजे डिझेल आहे. तार पुढेमागे वाकवत राहिलं की ती गरम होते, तसं रबराचं आहे. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, सुटला की पूर्ववत होतो, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी स्वतःकडे उष्णता म्हणून ठेवतो. मिनिटाला तीनशेहून जास्त फेरे, प्रत्येक फेऱ्यात एकदा दबणं, आणि असे अठरा टायर.

तरीही मला टायर हे माणसाच्या हातून घडलेलं एक नवल वाटतं. ४० टनांच्या ट्रेलरचा एकेक टायर सव्वादोन टन पेलतो आणि रस्त्याला टेकतो तो जेमतेम हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेवर. हा सगळा डोलारा, म्हणजे चाळीस हजार किलो, सपाट रस्त्यावर चालता ठेवायला टायरांपोटी किती जोर लागतो? सुमारे पावणेतीनशे किलोंचा. वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कमी!

पण हा पावणेतीनशे किलोंचा जोर सातशे किलोमीटर लावत राहायचा आहे. म्हणून टायरमध्ये केलेली बारीकशी सुधारणासुद्धा डिझेलच्या बिलात दिसते. मिशेलिननं १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. जुन्या टायरमध्ये आतले धागे तिरपे, एकमेकांवर घासत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. टायरची बगल मोकळेपणानं लवते, तळवा ताठ राहतो, उष्णता कमी होते. इतकी सरळ युक्ती, तरी आपल्या ट्रकच्या जगात तिरप्या नायलॉनच्या टायरची सद्दी पुढे कितीतरी दशकं चालली, कारण खड्ड्यांत आणि जादा लोडखाली ते टिकतात अशी मालकांची खात्री होती.

आणि हवा! जुना क्लीनर गाडी निघण्याआधी टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत जातो, ते कधी नीट ऐकलं आहे का? भरलेला टायर टणकन उत्तर देतो आणि लोखंड हातात उसळतं. हवा उतरलेला टायर भद्द आवाज करतो. मागच्या जोडचाकांतला आतला टायर डोळ्यांना दिसतच नाही, त्याची खबर कानालाच लागते. मात्र कानाला कळतं ते पार बसलेला टायर आणि भरलेला टायर यांतलं अंतर. शंभर पौंड आणि एकशेवीस पौंड यांतला फरक कान सांगू शकत नाही, आणि डिझेल तिथेच गळतं. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो, जास्त तापतो, शंभरातले एक-दोन लिटर फुकट घेतो. उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून मुद्दाम काढून टाकण्याची पद्धत तर उलटी बसते. दाब थोडा वाढतो तो टायर बनवणाऱ्यांनी हिशोबात धरलेला असतो. हवा काढली की टायर आणखी दबतो, आणखी तापतो, आणि ऐन दुपारी फुटण्याच्या जवळ जातो. शे-दोनशे रुपयांचा गेज या बाबतीत सगळ्यात स्वस्त इंधन बचत यंत्र आहे.

रस्ताही यात भागीदार असतो. खडबडीत, दबणारा पृष्ठभाग टायरला जास्त लवायला लावतो. याच महामार्ग ५३ वर २०२२ च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनेस विक्रम झाला. आणि नागपूरजवळ मनसरला, महामार्ग ४४ वर, डिसेंबर २०२४ मध्ये असा एक पट्टा खुला झाला ज्याच्या डांबरात पिकांच्या अवशेषांतून काढलेलं लिग्निन मिसळलेलं आहे. लिग्निन म्हणजे झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ. तो आता ट्रकचं ओझं पेलतो आहे!

टायरनंतर येतो वारा. थांबलेला वारा, म्हणजे साधी हवा, जिच्यातून ट्रकला आपली भिंतीएवढी छाती घुसवत जायचं असतं. साठच्या वेगाला हवा त्या ४० टनी ट्रेलरला सुमारे शंभर किलोंच्या जोरानं मागे रेटते. ऐंशीला किती? सव्वाशे-दीडशे नव्हे, एकशेनव्वद. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हे ते गणित. साठला टायरचा विरोध हवेच्या अडीचपट असतो आणि शंभरच्या आसपास दोघं बरोबरीत येतात. म्हणून अमेरिकेतले ट्रकवाले केबिनला गोलाई देण्यात, ट्रेलरच्या पोटाला पडदे लावण्यात रात्री जागवतात. त्यांची लढाई वाऱ्याशी आहे. आपली आजवर टायरशी होती. समृद्धीसारखे रस्ते आले तशी ती हळूहळू वाऱ्याकडे सरकते आहे. साठी-सत्तरीच्या वेगात सैल ताडपत्री नुसती फडफडते. ऐंशीत ती ब्रेकसारखी काम करू लागते. दोरी दोन ठिकाणी जास्त आवळली की हा खर्च जातो.

आता या गणिताचा ट्रेलरच्या फेरीवर काय परिणाम होतो बघा. समृद्धीवर ट्रकला ऐंशीची मर्यादा आहे. ऐंशीऐवजी साठनं गेलं तर सातशे किलोमीटरला तीन तास जास्त लागतात आणि डिझेल वाचतं सुमारे चाळीस लिटर. तीन तासांची किंमत चाळीस लिटर! हा आकडा लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

चौथा वाटेकरी ब्रेक. साठच्या वेगानं धावणारा ४० टनांचा ट्रेलर थांबवला की त्याच्यातली धावेची ऊर्जा ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन संपते. पुन्हा साठला आणायला सुमारे चारशे मिलिलिटर डिझेल लागतं. एका थांब्याला चारशे मिलिलिटर! एक किलो संत्र्यांना सगळ्या प्रवासाला दोन चमचे पुरतात, आणि असा ट्रेलर एकदा थांबवला की ऐंशी चमचे डिझेल रस्त्यावर सांडतं. मग प्रत्येक नाका, प्रत्येक सिग्नल, प्रत्येक आडवी आलेली म्हैस यांचा हिशोब लावून बघा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. दोन्ही निर्णय कराचे आणि वसुलीचे म्हणून ओळखले जातात. मला ते देशातल्या मोठ्या इंधन बचत योजना वाटतात. रांगेत उभा ट्रक इंजिन चालू ठेवून तासाला दीड-दोन लिटर पितो, आणि रांगेत तर दर पाच मिनिटांनी थोडं पुढे सरकून पुन्हा थांबायचं असतं.

इथे ड्रायव्हरचं कसब दिसतं. चांगला ड्रायव्हर अर्धा किलोमीटर पुढचं बघतो आणि लाल दिवा दिसला की तिथूनच पाय उचलतो. आजच्या इंजिनांत पाय उचलला आणि गाडी गिअरमध्ये राहिली, तर इंजिनात जाणारं डिझेल पूर्ण बंद होतं. अगदी शून्य. चाकंच इंजिनला फिरवत राहतात. उतारावर गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. त्यांना वाटतं डिझेल वाचलं. प्रत्यक्षात न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल लागतं, आणि इंजिनचा अटकाव सुटल्यामुळे ब्रेक तापून निकामी व्हायची भीती वेगळीच. दोन्हीकडून तोटा.

चढाचंही असंच. ४० टन शंभर मीटर वर न्यायला पावणेतीन लिटर लागतात आणि उतरताना ते ब्रेकमध्ये जळतात. इगतपुरीजवळचा समृद्धीचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा ५ जून २०२५ ला खुला झाला. लोक त्याला वेळ वाचवणारा बोगदा म्हणतात. कसारा घाटातली वळणं, पहिल्या-दुसऱ्या गिअरची रखडपट्टी आणि तापलेले ब्रेक यांपासून ट्रकची सुटका होते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि आता टाळता येण्याजोगा मोठा वाटेकरी. तो ना इंजिनात आहे, ना टायरमध्ये.

तोच ट्रेलर मुंबईहून रिकामा परत आला तर? माल उतरला, वजन चाळीस टनांवरून तेरा टनांवर आलं, म्हणजे डिझेलही एक तृतीयांश लागेल ना? नाही. टायरचा विरोध वजनाबरोबर कमी होतो, पण हवेला गाडी भरलेली आहे की रिकामी याच्याशी काही देणंघेणं नाही. साठच्या वेगाला खाली गाडी भरल्या गाडीच्या निम्मं डिझेल पिते. निम्मं, आणि नेते काय? काहीच नाही. इंजिनमधल्या एका टक्क्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा वर्षं खर्च करतात, आणि इथे एका फेरीत पन्नास टक्के हवेत जातात.

म्हणून वाडीतल्या एखाद्या टिनाच्या शेडखाली, टेबलावर दोन मोबाइल आणि बिल्टीबुक घेऊन बसलेला भाड्याचा दलाल माझ्या लेखी मोठा ऊर्जातज्ज्ञ आहे. चेन्नईहून आलेल्या गाडीला रायपूरचं भाडं, रायपूरच्या गाडीला सुरतचं, हे तो जुळवतो. नागपूर चौकात असल्यामुळे चारही दिशांचा माल इथे मिळतो. समुद्रकाठच्या शहराला निम्म्या दिशाच नसतात! परतीचं भाडं जुळणं म्हणजे त्या गाडीच्या मालाला लागणारं डिझेल एका फटक्यात खाली येणं. त्यासाठी नवं इंजिन लागत नाही, नवा टायर लागत नाही.

मग डिझेलच बदललं तर? नागपुरात तीही धडपड झाली आहे. ११ जुलै २०२१ ला कामठी रोडवर देशातल्या पहिल्या खासगी एलएनजी केंद्राचं उद्घाटन नितीन गडकरी यांच्या हस्ते झालं. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं द्रव होतं आणि सहाशे लिटर वायू एका लिटरमध्ये मावतो. उणे १६२! आणि हे द्रव साठवायचं नागपूरच्या मे महिन्यात. टाकी आणि बाहेरचं ऊन यांत दोनशे अंशांहून जास्त फरक. ते जमतं दुहेरी भिंत आणि मधल्या पोकळीतून हवा काढून टाकल्यामुळे. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये काढलेली ही युक्ती आपण घराघरांत थर्मास म्हणून वापरतो. एलएनजीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, काजळी तर फारच कमी. पण हा वायू म्हणजे मिथेन, आणि न जळता निसटलेला मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापवतो. टाकी आणि इंजिन गळले नाहीत, तरच फायदा टिकतो.

विजेवरच्या ट्रकची गोष्ट आणखी मोहक आहे. मोटर नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांना देते, आणि ब्रेक मारला की तीच मोटर जनित्र होऊन धावेची ऊर्जा बॅटरीत परत भरते. न्यूटनची ती परत मिळायला हवी असलेली ऊर्जा, आठवते? ती इथे पुष्कळशी मिळते. अडचण वजनाची. सव्वादोनशे लिटर डिझेल वजनाला दोनशे किलोंच्या आत. तेवढंच अंतर जायला बॅटरी लागेल पाच-सहा टनांच्या घरात, म्हणजे तेवढा माल कमी. शिवाय वीज येते कुठून? नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात. कोळशाचा मोठा वाटा असलेल्या आजच्या विजेवर चाललेला जड ट्रक आणि चांगलं चालवलेला डिझेल ट्रक, कार्बनच्या हिशोबात जवळजवळ बरोबरीत येतात. पण डिझेलचा ट्रक म्हातारा होईल तसा घाण होत जातो, आणि विजेचा ट्रक ग्रिडमध्ये सौरऊर्जा वाढेल तसा, जागच्या जागी, स्वच्छ होत जातो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी रुपये ठेवले आहेत. खाण ते कारखाना अशा ठरलेल्या छोट्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी, हे मला पटतं.

आणि कोकण रेल्वेनं १९९९ मध्ये जे केलं ते तर मला अजून हवंहवंसं वाटतं. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, भरलेले ट्रक ड्रायव्हर-क्लीनरसकट सपाट वाघिणीवर चढवले आणि रेल्वेनं नेले. पोलादी चाक पोलादी रुळावर टायरच्या कितीतरी कमी ऊर्जेत फिरतं, कारण पोलाद दबतच नाही म्हटलं तरी चालेल. रबराची झळच नाहीशी! नागपूर देशातल्या मोठ्या रेल्वे जंक्शनांपैकी एक आहे. इथून चारही दिशांना ट्रक गाडीवर बसून का जाऊ नयेत?

ते होईल तेव्हा होवो. आता तो चाळीस लिटरचा आकडा बाहेर काढू. तीन तास वाचवायला ड्रायव्हर चाळीस लिटर जाळतो. आणि मग काय होतं? गोदामाच्या फाटकाबाहेर एक दिवस, कधी दोन दिवस उभा राहतो. हमाल नाहीत, कागद सापडत नाहीत, साहेब जेवायला गेलेत. गेलेला वेळ भरून काढायला पुढच्या फेरीत पाय आणखी खाली जातो. भारतीय ट्रक दिवसाकाठी सरासरी जेमतेम तीनशे किलोमीटर कापतो, तो वेग कमी म्हणून नव्हे, उभा राहतो म्हणून.

वाचकांत कुणाचं गोदाम असेल, कारखाना असेल, दुकानात माल उतरत असेल, तर विनंती आहे: गाडी दारात आली की त्याच दिवशी रिकामी करून द्या, आणि ड्रायव्हरला सावली आणि पाणी द्या. त्याला घाई उरणार नाही, तो साठनं जाईल, आणि तुमच्या मालामागचं डिझेल तुम्ही एक रुपयाही न गुंतवता पाचवा हिस्सा कमी केलेलं असेल.